त्या औषधवाल्याचं पुढे काय झालं? : मराठी चित्रपटांच्या लेखक-दिग्दर्शकांना खुले पत्र

मराठी चित्रपटांच्या लेखक-दिग्दर्शकांना,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात आमच्या चित्रपट मंडळात एका ठकसेनावरचा सिनेमा लावला होता आणि मध्यंतराच्या चहाला अकरावीतल्या एका मुलाने त्याचा शेवट सांगून टाकला. "इन्स्पेक्टर यांच्यातलाच आहे. गोळी लागल्याचं नाटक होणार. आणि ती बाई शेवटी पैसे घेऊन विमानात बसणार." तिन्ही गोष्टी तशाच्या तशा निघाल्या. त्याच्यावर कुणी चिडलं नाही, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तेच ताडलं होतं. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठून चपला शोधायला लागले. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका सिनेमानंतर याच गावात थिएटरबाहेर उभं राहून "पण मग ती बॅग बदलली कुणी?" यावर आम्ही तासभर भांडलो होतो. ते भांडण मला परत हवं आहे, म्हणून हे पत्र.

मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आम्ही आठ-दहा जण मिळून महिन्यातून दोन रविवार एका शाळेच्या हॉलमध्ये सिनेमे दाखवतो. साठ-सत्तर माणसं येतात. माझे वडील, अण्णा, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसतात. त्यांची उभी नोकरी सरकारी खात्यात हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे कुठे काय जुळत नाही ते त्यांना चटकन दिसतं. शेवट ओळखण्यात ते त्या अकरावीतल्या मुलाचे गुरू. त्या दिवशी मात्र ते कप हातात धरून गप्प उभे होते. त्याबद्दल पुढे सांगते.

आम्हाला आधीच कसं कळतं? नावाजलेला नट पहिल्या अर्ध्या तासात दोन वाक्यं बोलून निघून गेला, की तो परत येणार. एवढ्या मोठ्या नटाला तेवढ्याच कामासाठी कुणी घेत नाही. कॅमेरा एखाद्या पेनावर गरजेपेक्षा दोन सेकंद जास्त रेंगाळला, की ते पेन पुढे लागणार. कुणी मेलं आणि प्रेत जवळून दाखवलं नाही, तर तो माणूस जिवंत आहे. पोलीस फार सहज मदत करतोय, तर तो पोलीस नाही. शिवाय आता घरी बसून सिनेमा थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि नवा सिनेमा आला की दुसऱ्या दिवशी त्याचा शेवट उलगडून सांगणारे व्हिडिओ हजर असतात. आमची नजर तुम्हीच तयार केली आहे, सिनेमामागून सिनेमा दाखवून.

ठकसेनांच्या सिनेमांच्या या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून १९७३ च्या 'द स्टिंग' या हॉलिवूडच्या सिनेमाकडे बोट दाखवतात. गोष्ट १९३६ च्या शिकागोतली. एका गुंडाला लुटण्यासाठी घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायचा अख्खा खोटा अड्डा उभा केला जातो. फळे, टेलिफोन, गर्दी, निकाल वाचणारा माणूस, सगळं खोटं. पण लेखकाने आणखी एक गोष्ट केली. एफबीआयचे अधिकारीही खोटे, शेवटची गोळीबारीही खोटी, आणि हे प्रेक्षकालाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणजे गुंडाबरोबर आपणही गंडलो. त्या काळच्या प्रेक्षकाला याचं केवढं अप्रूप वाटलं असेल! सिनेमाला सात ऑस्कर मिळाली. पण तीच युक्ती आज पन्नास वर्षं वापरात आहे. सगळे मिळालेले होते, मेलेला मेला नव्हता, अधिकारी तोतया होता. आम्ही शहाणे झालो म्हणून तुम्ही एकावर एक वळणं रचत गेलात. एक ओळखलं तर दुसरं, दुसरं ओळखलं तर तिसरं. या चढाओढीत तुमची दमछाक होते आणि आमच्या हाती काही लागत नाही.

'द स्टिंग'च्या मुळाशी मात्र निव्वळ युक्त्या नाहीत. डेव्हिड मॉरर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाचं १९४० चं 'द बिग कॉन' हे पुस्तक याच दुनियेचं. तो ठकांच्या बोलीचा अभ्यासक, खऱ्या ठकांशी बोलून शब्द गोळा करणारा. सावज हेरून आणणारा वेगळा, आत साहेब होऊन बसणारा वेगळा, खोटं दुकान मांडणं हे वेगळं काम, आणि सावजाला आधी थोडं जिंकू देणं ही वेगळी पायरी. आज फोनवर "व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा" म्हणत पहिल्या दिवशी खरोखरच शे-दीडशे रुपये खात्यात टाकतात, ती हीच पायरी. धंद्याची रीत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. ती पुस्तकात छापून आली, सिनेमात आली, वर्तमानपत्रात रोज येते, आणि तरीही रोज नवी माणसं फसतात. लेखक म्हणून तुम्ही या प्रश्नापाशी थांबावं असं मला फार वाटतं. रीत ठाऊक असूनही माणूस फसतो कसा?

आपल्याकडे हे फार पूर्वी केलेलं आहे. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं. प्रभाकर पणशीकर निपाणीचा लखोबा लोखंडे झाले, तेच दिवाकर दातार झाले, कॅप्टन परांजपे झाले, राधेश्याम महाराज झाले. या नाटकात प्रेक्षकापासून लपवलेलं काय होतं? काहीच नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस भामटा आहे हे पडदा उघडल्यावर थोड्याच वेळात कळतं, आणि सगळी सोंगं एकाच माणसाची हे तर जाहिरातीतच असायचं. तरी पिढ्यान् पिढ्या लोक तिकीट काढून गेले. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, बोलू लागतो, आणि फिरता रंगमंच आपल्याला त्याच्या घरी घेऊन जातो. मुलीचं लग्न जमत नाही म्हणून काळजीत पडलेलं घर, पाहुणा किती सुसंस्कृत आहे म्हणून हरखलेली माणसं. अत्र्यांनी फिरत्या रंगमंचाचा उपयोग फसलेल्यांच्या घरी जाण्यासाठी केला. तुमच्याकडे तर कॅमेरा आहे, तो कुठेही जाऊ शकतो.

'अशी ही बनवाबनवी'चं तेच. १९८८ पासून आपण ती पाहतोय, साड्या नेसलेले दोघे पुरुष आहेत हे पहिल्यापासून माहीत आहे, संवाद तोंडपाठ आहेत. तरी लीलाबाई काळभोरांची त्या 'सुनां'वरची माया वाढत जाते तशी आपली धाकधूक वाढते. ज्यांना फसवतोय ती बाई चांगली आहे, म्हणून ही धाकधूक.

आता अण्णांबद्दल. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

दीड वर्षापूर्वी एका मंगळवारी सकाळी त्यांना फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्या आधार कार्डावर खातं उघडून काळा पैसा फिरवला आहे, आता साहेब व्हिडिओवर येतील. साहेब आले. गणवेश, मागे झेंडा, भिंतीवर फोटो, मध्येच वायरलेसचा खरखराट. १९३६ च्या शिकागोतल्या खोट्या अड्ड्यासारखंच सगळं, फक्त पाच इंचांच्या पडद्यावर मावलेलं. अण्णा तेव्हा बनियनवर होते. ते म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं द्या, शर्ट घालून येतो." कपाटातून इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, बटणं लावली, केस विंचरले आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलापुढे ताठ बसले. पाणी प्यायलाही ते परवानगी मागत होते. आई स्वयंपाकघरात होती. तिला त्यांनी सांगितलं, पेन्शनच्या कामाचा फोन आहे, मध्ये बोलू नकोस.

हे पावणेदोन दिवस चाललं. रात्री फोन उशाशी, चालू. दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले आणि मुदतठेव मोडली. खिडकीवरच्या मुलीने आपुलकीने विचारलं, "काका, एवढी रक्कम एकदम?" अण्णा हसून म्हणाले, "लेकीला फ्लॅटसाठी द्यायचे आहेत." हे वाक्य त्यांना फोनवरून शिकवलेलं होतं. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाने ते इतकं छान म्हटलं की त्या मुलीला शंका आली नाही. साडेअकरा लाख गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर थोडे गोठवता आले, बाकीचे हातोहात पुढे सरकले होते.

नंतर कितीतरी दिवस मी त्यांना एकच प्रश्न विचारत होते, आणि आज त्याची मला लाज वाटते. "अण्णा, तुम्हाला कसं कळलं नाही?" सिनेमातल्या खोट्या इन्स्पेक्टरला पहिल्या प्रवेशात ओळखणारा माणूस! एके दिवशी त्यांनी उत्तर दिलं. त्या लोकांनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं होतं, या प्रकरणात तुमच्या मुलीचंही नाव येऊ शकतं, तिची नोकरी जाईल. तुम्ही सहकार्य केलंत तर आम्ही ते वगळू. "तुझं नाव घेतल्यावर मी बाकी काही तपासलंच नाही," अण्णा म्हणाले.

ही गोष्ट मी आधी सिनेमासारखी सांगितली असती, गणवेश, झेंडा, खोटं कोर्ट, तर तुम्ही तिसऱ्या वाक्याला ओळखली असती. पण बापाने इस्त्रीचा शर्ट घालणं, बँकेतल्या मुलीसमोर हसणं आणि त्याच्या तळाशी माझं नाव असणं, हे तुम्हाला ओळखता आलं नसतं. मलाही आलं नाही, आणि मी त्याच घरात वाढले. प्रेक्षक युक्ती ओळखतो, पण पडद्यावरच्या माणसाला काय गमवायची भीती वाटते ते त्याला आधी माहीत नसतं. तुमच्यासाठी मोकळी जागा इथे आहे, आणि तिथे फार कमी लोक गेले आहेत.

'खोसला का घोसला' २००६ मध्ये तिथे गेला होता. प्लॉट बळकावणाऱ्याला गंडा घालायची योजना आपल्याला पूर्ण माहीत असते. जीव टांगणीला लागतो तो सरळमार्गी, भित्र्या बापाच्या पायात त्या खेळाचं बळ येईल की नाही यावर.

एक विषय तर मुंबईतच पडून आहे. १९ मार्च १९८७ रोजी ऑपेरा हाउसजवळच्या नामांकित सराफी पेढीवर सीबीआयची खोटी धाड पडली. मोहनसिंग की मोनसिंग, जे काही नाव त्याने घेतलं होतं, त्याने आधी वर्तमानपत्रात पदवीधर तरुण हवेत म्हणून जाहिरात दिली, ताजमध्ये मुलाखती घेतल्या, सव्वीस जण निवडले, ओळखपत्रं दिली आणि बसमध्ये घालून पेढीवर नेलं. दागिने गोळा झाले. "इथे लक्ष ठेवा, मी दुसऱ्या धाडीवर जाऊन येतो," असं सांगून तो गेला आणि आजवर सापडला नाही. यावर २०१३ मध्ये हिंदी सिनेमा निघाला, चांगला चालला, शेवटी अधिकारीच टोळीतला निघतो हे वळणही त्यात होतं. पण ते सव्वीस जण तिथे संख्येपुरतेच उरले. मला त्यांच्यातल्या एकाचा सिनेमा बघायचा आहे. समजा, गिरगावातल्या किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या मुलाने आदल्या रात्री घरी येऊन सांगितलं असेल, मला सीबीआयमध्ये लागली. आईने देवापुढे साखर ठेवली असेल, शेजारच्यांकडून टाय मागून आणला असेल. दुसऱ्या दिवशी तो पेढीच्या दाराशी छाती काढून उभा आहे, कुणाला आत-बाहेर जाऊ देत नाही, काम चोख करतो आहे. साहेब येत नाहीत. अर्धा तास होतो. कधी कळलं असेल त्याला? आणि खरे पोलीस आल्यावर तो पहिलं वाक्य काय बोलला असेल? या सिनेमाचं पोस्टरवरच सगळं सांगून टाका, तरी मी शेवटपर्यंत जागची हलणार नाही.

याहून जुनं हवं असेल तर भाऊसाहेबांचा तोतया आहे. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले आणि पंधराएक वर्षांनी, १७७६ मध्ये, मीच भाऊ म्हणणाऱ्या माणसामागे कोकणात फौज जमली, किल्ले गेले. शेवटी त्याला पकडून मारलं. सोंग उघड होतं असं आज म्हणणं सोपं आहे. पण ज्या मुलखात घरटी कुणीतरी पानिपताहून परतलं नव्हतं, तिथे "भाऊ जिवंत आहेत" या शब्दांत आणखी किती जणांची आशा अडकली असेल! भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत वैधव्य स्वीकारलं नाही.

परदेशातलंही एक उदाहरण देते. अर्जेंटिनात २००० साली 'नऊ राण्या' अशा अर्थाच्या नावाचा सिनेमा आला, दुर्मीळ टपाल तिकिटांच्या खोट्या नकलांवरचा. त्यातही शेवटी सगळे मिळालेलेच आहेत. पण मला आठवतो तो बँकेच्या दारातला प्रसंग: हातात चेक आहे, बँक बुडाली आहे, काचेवर लोक थापा मारताहेत. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २००१ मध्ये, त्या देशात खरोखरच लोकांची खाती गोठवली गेली. लेखकाने आपल्या शहराकडे नीट पाहिलं होतं. आपल्याकडेही सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाचीही गोष्ट मला मराठी पडद्यावर पाहिल्याचं आठवत नाही.

आता थोडं हक्काने मागते. शेवटची ती उजळणी बंद करा, ज्यात प्रत्येक प्रसंग दुसऱ्या कोनातून परत दाखवून "बघा, इथे असं झालं होतं" म्हणून सांगता. आम्हाला एवढं समजतं. आणि जे लपवायचं ते आमच्या डोळ्यांदेखत लपवा. निशिकांत कामतांनी २०१५ मध्ये 'दृश्यम' गोव्यात आणला. त्यातली बस खरी, हॉटेल खरं, तिकिटं खरी, साक्षीदार प्रामाणिक. फक्त दिवस सरकवलेला. मूळ मल्याळम सिनेमाची ती करामत होती, पण आपल्याकडच्या पोरांना त्या निमित्ताने २ ऑक्टोबर पाठ झाला. तिथे फसताना राग येत नाही. ज्या वळणाचा मागमूसही आधी दाखवलेला नसतो, त्याचा येतो.

आणि सर्वांत आधी ती पहिली दहा मिनिटं बदला. जवळजवळ प्रत्येक ठकसेनाच्या सिनेमाची सुरुवात एकच असते. नायक किती चलाख आहे हे दाखवायला तो एखाद्या फुटकळ माणसाला टोपी घालतो. हॉटेलवाला, सोनार, टॅक्सीवाला, म्हातारी. आपण हसतो, नायक आपल्याला आवडू लागतो, आणि तो माणूस सिनेमातून कायमचा नाहीसा होतो.

अण्णा त्या घटनेनंतर चार महिने मंडळात आले नव्हते. नंतर यायचे, पण मागे बसायचे. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तिसऱ्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवर बसले. त्या सिनेमाच्या सुरुवातीला नायक एका म्हाताऱ्या औषधवाल्याला खोट्या नोटा बदलून देऊन गल्ला रिकामा करतो. हॉल हसला, मीही हसले. मध्यंतरात त्या मुलाने शेवट सांगितला तेव्हा सगळ्यांनी सवयीने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "शेवट तुझा बरोबर आहे रे. पण त्या औषधवाल्याचं पुढे काय झालं?"

"कुठला औषधवाला, आजोबा?" मुलाने विचारलं.

त्याला खरंच आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नव्हतं. मग दुसरा भाग सुरू झाला आणि आम्ही आत गेलो.

त्या औषधवाल्याच्या घरी कॅमेरा घेऊन जा आणि जे सापडेल ते आमच्याकडे घेऊन या. दुसरा आणि चौथा रविवार, संध्याकाळी साडेपाच. हॉल साधा आहे, पंख्यांचा आवाज येतो, पण पडदा मोठा आहे आणि माणसं शेवटपर्यंत बसतात. मानधन देता येणार नाही. येण्या-जाण्याचा खर्च आणि रात्रीचं जेवण आमच्या घरी. तिसऱ्या रांगेत कडेला अण्णा असतील, त्यांच्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सांगलीतली एक प्रेक्षक